पहिल्याच शब्दातला प

नाशिकला गंगापूर रस्त्याकडचा पत्ता सांगायचा तर बहुतेक जण आकाशवाणी टॉवरपासून सुरुवात करतात. टॉवरच्या अलीकडे, टॉवरवरून आत, टॉवरजवळच्या भाजीबाजारापाशी. रेडिओ कधी लावत नाहीत त्यांच्याही तोंडी तो शब्द रोज येतो. त्या टॉवरखाली मी कितीतरी पहाटे काढल्या. नैमित्तिक निवेदक म्हणून पॅनलवर होते. महिन्याला मोजक्या ड्यूट्या मिळायच्या आणि त्यातल्या पहाटेच्या मी मागून घ्यायचे, कारण नंतर कॉलेजात तास असायचा. डिसेंबरात पहाटेच्या अंधारात स्कूटी काढायची, कानाला स्कार्फ, हँडलवर बोटं बधिर. स्टुडिओचं ते जाड दार मागे लागलं की गारठा बाहेर, शहर बाहेर, आणि आत नुसता आपला श्वास.

पहिल्या दिवशी आमच्या ज्येष्ठ निवेदिकेनं (आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो) माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आधी बांगड्या काढ." काचेच्या चार होत्या, पर्समध्ये टाकल्या. मग कागद. "टाचणी काढ. पान उलटायचं नाही, उचलून बाजूला ठेवायचं, आवाज न करता." मग तोंड. माईकच्या अगदी समोर धरायचं नाही, जरा तिरकं. "प, फ, ब, भ आले की हवा सरळ जाऊन आदळते. ऐकणाऱ्याच्या कानाशी फट्‌ होतं. 'पुढील कार्यक्रम' म्हणायच्या आधी तो प तुला लांबून दिसला पाहिजे."

प लांबून दिसला पाहिजे! एम.ए.ला भाषाविज्ञानात ओष्ठ्य वर्ण शिकले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण हा वर्ण ओठांतून सुटताना हवेचा एक गोळा पुढे फेकतो, हे मला त्या दिवशी तोंडासमोर तळहात धरल्यावर कळलं.

नवकवी मर्ढेकरांविषयी लिहायला बसले आणि बांगड्यांपासून सुरुवात झाली. पण माझ्यापर्यंत मर्ढेकर याच वाटेनं आले, वर्गातून आले नाहीत. वर्गात तर मी त्यांना दोनदा शिकले होते आणि पुढे कितीतरी वर्षं शिकवतही होते.

कॉलेजात मी तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, तेही वर्ष सरताना. कायम जागेसाठी एका ठिकाणी मुलाखत दिली होती. समितीतल्या एकांनी अर्जावर बोट ठेवून विचारलं, "तुम्ही रेडिओवरही आहात. मग नक्की प्राध्यापक की निवेदक?" मी काहीतरी उत्तर दिलं. जागा मिळाली नाही. त्याची कारणं वेगळीही असतील, पण तो प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर आला आणि पुढे वर्षानुवर्षं राहिला. कॉलेजात मी रेडिओवरची, रेडिओवर मी कॉलेजातली. स्वतःची म्हणावी अशी जागा दोन्हीकडे नाही.

अशाच एका दिवशी तासाची तयारी करताना बाळ सीताराम मर्ढेकरांचा जीवनक्रम पुन्हा वाचला. शंभरदा वाचलेला परिच्छेद. या वेळी तो कुणा माणसाचा आहे असं वाटलं.

जन्म १ डिसेंबर १९०९, खानदेशात फैजपूरला. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या मर्ढे गावचं. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिक्षण. मग आय.सी.एस. या सनदी सेवेच्या परीक्षेसाठी लंडन. तिथं यश आलं नाही. परत आल्यावर मुंबईत एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांतून इंग्रजीचं अध्यापन. १९३८ मध्ये रेडिओची नोकरी, आणि अखेरपर्यंत तीच. २० मार्च १९५६ ला दिल्लीत मृत्यू. वय शेहेचाळीस.

शिक्षकाच्या घरातला हुशार मुलगा, सगळ्यांच्या आशा लंडनच्या परीक्षेवर लागलेल्या, आणि परीक्षा हुकलेली. त्या काळात आय.सी.एस. हुकणं म्हणजे काय असेल याची कल्पना स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षं घालवणाऱ्या आजच्या मुलांना येईल, इतर कुणाला येणार नाही. परत येऊन एका वर्गातून दुसऱ्या वर्गात. मग ते सोडून एका अगदी नव्या खात्यात. ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं १९३६ मध्ये. मर्ढेकर दाखल झाले तेव्हा त्या नावाला दोनच वर्षं झाली होती. तिथं पुढे आयुष्य कसं जाईल हे सांगणारी आधीची पिढीच नव्हती. 'आकाशवाणी' हे नाव तर पुढे १९५७ मध्ये सर्वत्र लागू झालं, तेव्हा मर्ढेकर नव्हते. मराठी नवकवितेचा हा माणूस आकाशवाणीत होता असं आपण सहज म्हणतो, पण त्यांच्या हयातीत त्यांच्या कचेरीवर ती पाटी नव्हती.

ते एकटे नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, उर्दूतले नामवंत विनोदी लेखक पतरस बुखारी याच खात्यात येऊन सर्वोच्च पदापर्यंत गेले. उर्दू कथाकार मंटो दिल्ली केंद्रावर नाटकं लिहीत होते. आपल्याकडे पुढे पु.ल. आणि पाडगावकर दोघांनीही कॉलेजात शिकवलं आणि रेडिओतही काम केलं. वर्गात बोलून बोलून ज्यांचा घसा तयार झाला आहे, ज्यांच्याकडे भाषा आहे, अशी माणसं त्या नव्या यंत्राला हवीच होती. पण मर्ढेकरांच्या बाबतीत त्या यंत्रानं परतफेड काय केली, याचा विचार मला कुणी करायला लावला नव्हता.

आता तारखा बघा. पहिला संग्रह 'शिशिरागम' १९३९ चा. त्यातल्या कवितांचा सूर हळवा, निसर्गात आणि विरहात रमणारा, बालकवी आणि माधव जूलियनांच्या वळणाचा. सुंदर आहेत त्या, पण त्यांवरचं नाव झाकलं तर मर्ढेकर ओळखू येतीलच असं नाही. दुसरा संग्रह 'काही कविता' १९४७ चा. इथं नाव झाकायची सोयच नाही, दोन ओळींत माणूस ओळखू येतो. अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत यंत्रयुगातले शब्द, 'पंक्चर'चं मराठी क्रियापद, वाक्यं मध्येच तोडलेली, कवितांना शीर्षकं नाहीत, नुसते आकडे. या दोन संग्रहांत आठ वर्षांचं अंतर आहे. त्या आठ वर्षांत काय झालं?

महायुद्ध झालं, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आले. मुंबईसारखं गिरण्यांचं शहर, माणसाचं यंत्रातला सुटा भाग होणं, युरोपातली नवी कविता. हे सगळं खरं आहे आणि परीक्षेत लिहायला हेच आहे. पण त्या आठ वर्षांत हा माणूस रोज सकाळी उठून रेडिओच्या कचेरीत जात होता, हे मी कधी सांगितलं नाही. युद्धाच्या बातम्या त्यानं इतरांसारख्या वर्तमानपत्रात वाचल्या नसतील. ज्या खात्यातून त्या देशाला ऐकवल्या जात त्याच खात्यात त्याची खुर्ची होती. त्या काळात रेडिओवरचं बहुतेक सगळं थेट प्रसारित व्हायचं. चुकलं तर पुसायची सोय नाही. माणूस बोलतो, शब्द गेला. मिनिट संपलं की मृत्यूची बातमी संपते आणि लगेच गाणं लागतं. भावगीत, बाजारभाव, बॉम्बहल्ला, भजन, सगळं एकाच खोलीतून, एकाच सुरात, एकाला एक लागून.

मी तिथं बसून हे केलं आहे. शेतीमालाचे भाव वाचून झाले की सेकंदाच्या आत अभंग लावला आहे. अपघाताचं वृत्त संपता संपता जाहिरातीचं बटण दाबलं आहे. काही दिवसांनी मनाला त्याचं काही वाटेनासं होतं, आणि ज्या दिवशी वाटतं त्या दिवशी घरी जाऊन जेवण जात नाही. मर्ढेकरांच्या कवितेत पवित्र आणि किळसवाणं, अभंग आणि यंत्र असं मांडीला मांडी लावून बसतं, ते वाचताना मला आता स्टुडिओच आठवतो. हे माझं मत आहे, समीक्षकांनी मान्य करावं असा आग्रह नाही. पण ज्यानं एकदा तरी रेडिओची सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, चालवलं आहे त्याला मी काय म्हणते ते पटेल.

दुसरी गोष्ट कानाची. रेडिओसाठी त्यांनी 'कर्ण', 'बदकांचे गुपित' अशा संगीतिका लिहिल्या. ज्यात डोळ्यांना काहीच मिळणार नाही असं नाटक रचायचं तर शब्दाचं वजन, त्याचा वेग, दोन शब्दांमधली शांतता यांवरच सगळं उभं करावं लागतं. आणि त्यांचं सौंदर्यशास्त्र घ्या. ज्या 'सौंदर्य आणि साहित्य'ला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यातला मध्यवर्ती विचार लयीचा आहे. संवाद, विरोध, समतोल. फळ्यावर हे तीन शब्द एकाखाली एक लिहून मी किती वर्षं खडू झिजवला! त्यांच्यातला प्राध्यापक लयीचा सिद्धांत मांडत होता. लय कानात मुरत होती ती मात्र रोजच्या नोकरीत, असं मला वाटतं.

आता वर्गातला तो दिवस सांगते.

दुसऱ्या वर्षाचा वर्ग, जून सरत आलेला, बाहेर पाऊस. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही कविता. दोन तास मी तिच्याभोवती फिरत होते. युद्ध, छळछावण्या, माणसाची सक्ती, जगण्याची सक्ती, मरण्याचीही सक्ती. मुलं वहीत उतरवून घेत होती आणि कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. शेवटी कंटाळून, खरं तर हरून, मी म्हटलं, कुणीतरी मोठ्यानं वाचा. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. पिंपळगाव बसवंतकडचा, घरी द्राक्षाची बाग, हजेरीला नेहमी कमी. त्यानं पुस्तक हातात घेतलं आणि घाई न करता, गावाकडे पोथी वाचतात तसं, प्रत्येक शब्दावर थांबत वाचलं. अभिनय नाही, चढउतार नाही. वर्ग गप्प झाला. पावसाचा आवाज तेवढा.

वाचून झाल्यावर तो उभाच राहिला. मी म्हटलं, "काय वाटलं?"

"मॅडम, आमच्या शेडमध्ये औषध कालवायचं पिंप आहे. दोनशे लिटरचं. मागच्या छाटणीला त्यात निघाले होते. तीन. रात्री पाण्याला आले असतील. कडेला नखांचे ओरखडे होते."

कुणी हसलं नाही. मला एकदम ते निळं प्लास्टिकचं पिंप दिसलं, आतल्या बाजूनं गुळगुळीत, आणि त्यावर नखांच्या बारीक पांढऱ्या रेघा. दोन तास मी जे सांगत होते ते सगळं त्या रेघांत होतं. कवितेत ओरखडे नाहीत. ते त्या मुलाचे होते. पण कविता वाचताना त्याला ते आठवले, आणि त्याच्या आवाजामुळे ते आम्हा सगळ्यांना दिसले.

त्या दिवसापासून मी वर्गात आधी कविता वाचते, मग बोलते. तीही माईकसमोर वाचावी तशी, समोर एकच माणूस बसला आहे असं समजून. ताई हेच सांगायच्या. रेडिओ हजारो लोक ऐकत असतील, पण प्रत्येक घरात तो एकट्या माणसाच्या उशाशी असतो. सभेला हाक मारल्यासारखं बोललं की तो माणूस रेडिओ बंद करतो.

नाशिकमध्ये हे म्हणताना जरा अडखळायला होतं, कारण आमचं गाव तात्यासाहेबांचं. वि. वा. शिरवाडकर मर्ढेकरांपेक्षा जेमतेम दोन-सव्वादोन वर्षांनी लहान, आणि त्यांचं बालपण गेलं ते याच पिंपळगाव बसवंतात. 'विशाखा' १९४२ ची. म्हणजे मर्ढेकर रेडिओच्या खोलीत बसून नवा सूर शोधत होते त्याच वर्षांत कुसुमाग्रजांची कविता चळवळीतल्या तरुणांच्या ओठांवर होती. इथल्या पोरांना ती शाळेत पाठ होते, २७ फेब्रुवारीला मोठ्या आवाजात म्हटली जाते, आणि ती मोठ्यानं म्हणण्यासाठीच आहे. गोदाकाठावर उभं राहून म्हणावी अशी. मर्ढेकरांची कविता तशी म्हणता येत नाही. एकदा एका कार्यक्रमात एका हौशी वाचकानं तसा प्रयत्न केला. हात वर करून, आवाज उंचावून. कविता जागच्या जागी मेली. तिला जवळून बोलायला हवं असतं. आपल्याला दोन्ही हवेत, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. माझं मन तात्यासाहेबांच्या ओळींवरच वाढलं आहे. पण कानाशी बोलणारा कवी मला फार उशिरा भेटला, याची हळहळ आहे.

त्यांचं रेडिओतलं आयुष्य सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. 'काही कविता' आली त्या वर्षी स्वतंत्र भारताच्या वाट्याला रेडिओची सहाच केंद्रं आली होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. एवढ्याशा खात्यात कुणाचं काय चाललं आहे हे कुणापासून लपत नसणार. आणि १९४८ मध्ये त्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. सरकारी नोकरीतला माणूस, आणि त्याच्या कविता कोर्टात. निर्दोष सुटका व्हायला १९५२ उजाडावं लागलं. या मधल्या काळात ते थांबले नाहीत. १९५१ मध्ये 'आणखी काही कविता' आली. नावात नुसतं 'आणखी'. खटला चालू असताना हा शब्द मुखपृष्ठावर छापायला काय लागतं, याचा विचार करते तेव्हा मान लवते.

सुटकेनंतर त्यांना चारच वर्षं मिळाली.

शेहेचाळिसावं सरून मला सत्तेचाळिसावं लागलं त्या वर्षी मी पहिली कविता लिहिली. हिशोब करून लिहिली नाही, नंतर लक्षात आलं. तोवर कधी वाटलंच नव्हतं की मी लिहावं. एका पहाटे ड्यूटीवरून निघाले, टॉवरखाली भाजीवाल्या मावशी पोतं अंथरत होत्या. त्यांनी कोथिंबिरीच्या जुडीवर पाणी मारलं आणि हात झटकला. त्या झटकण्याचा आवाज माझ्या मनात राहिला. घरी येऊन तो लिहिला. सहा ओळी. पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचल्या, जिथं जीभ अडली तिथला शब्द बदलला. हे बदलणं मला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. ज्या नोकरीबद्दल "नक्की कोण?" असं विचारलं गेलं होतं, तिनं ते शिकवलं होतं.

२०२० चा एप्रिल. कॉलेज बंद, परीक्षा टांगणीला. मुलांच्या ग्रुपवर कविता वाचून पाठवायचं ठरवलं. त्या महिन्यात नाशिकमध्ये इतकी शांतता होती की रात्री कुत्र्याच्या नखांचा रस्त्यावरचा आवाज यायचा. तरी फ्रिज घरघरतो, पंखा फिरतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत गेले. तिथं गाद्या, आईनं शिवलेल्या दोन गोधड्या, गव्हाची कोठी. आवाज शोषून घ्यायला गोधडीसारखं काही नाही. दाराला एक लावली, समोर एक टांगली, मोबाइल डब्यावर ठेवला, बांगड्या काढल्या.

आणि पहिल्याच शब्दाला फट्‌ झालं.

'पिपांत.' दोन प, लागोपाठ. तोंड तिरकं केलं, पुन्हा वाचलं. पुन्हा फट्‌. मोबाइल लांब ठेवला, तर आवाज पोकळ येऊ लागला, कवितेचं जवळपण गेलं. ओठ सैल ठेवून प जरा मऊ केला, तर शब्दाला काही अर्थच उरला नाही. सहा-सात वेळा तेच. मोबाइलवर ती आवाजाची रेघ दिसते ना, प्रत्येक वेळी सुरुवातीलाच दोन टोकं वर जायची, मग पुढे सगळं सपाट.

त्या दोन टोकांकडे बघत मी गोधडीत बसून राहिले. 'काही कविता' येईपर्यंत नऊ वर्षं रेडिओत काढलेला माणूस. त्याला प माहीत नव्हता? मी तर नैमित्तिक, महिन्याला मोजके दिवस, तरी मला प लांबून दिसतो. त्यांच्या कानाला हा शब्द लिहितानाच टोचला असणार. दुसरा कुठलाही शब्द पुढे घेता आला असता. उंदीर आधी आणता आला असता, ओलेपण आधी आणता आलं असतं. त्यांनी कविता पिपापासून सुरू केली. पहिल्या श्वासाला दोन ठोके. पिंपाला बाहेरून कुणी बोटानं टकटक करावं तसे. किंवा आतून.

मी शेवटची रेकॉर्डिंग तशीच ठेवली. प फुटलेला, ओठ माईकच्या समोर. ताईंनी ऐकली असती तर रागावल्या असत्या, आणि मग, मला वाटतं, पुन्हा एकदा ऐकवायला सांगितली असती.

ग्रुपवर पाठवली. रात्री अकरा वाजले होते. बऱ्याच मुलांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. त्या पिंपळगावच्या मुलाला ती कुणीतरी पुढे पाठवली असावी. तो पास होऊन गेला होता, ग्रुपवर नव्हता. सकाळी त्याचा नंबर उमटला, फक्त आवाजाचा संदेश. सव्वा मिनिट. काही बोलला नव्हता, कसे आहात मॅडम एवढंही नाही. मागे ब्लोअर घरघरत होता. त्या वर्षी मालाच्या गाड्या अडल्या, भाव कोसळले, तरी खरडछाटणी झाली होती आणि फवारणी चुकत नव्हती. कुणीतरी लांबून त्याला हाक मारत होतं. आणि तो शेडमध्ये उभा राहून, तसाच, घाई न करता, पुस्तक समोर नसताना, ती कविता म्हणत होता.